बेटासाठी चांगला महिना

३ जून, मंगळवार

आज ट्रॅव्हल ऑफिसात पुन्हा एक गिऱ्हाईक घालवलं. नवरा-बायको होते. लग्न नुकतंच झालेलं असावं, कारण दोन खुर्च्या असूनही दोघं एकाच खुर्चीत बसायला निघाले होते. त्यांना याच महिन्यात बेटावर जायचं होतं. मी म्हटलं, जूनमध्ये तिथे जवळजवळ रोज पाऊस असतो, बोटी बंद राहतात, किनाऱ्यावरचं पाणी मातकट होतं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, "विचार करून सांगतो" म्हणाले आणि गेले.

मॅडमनी आत बोलावलं. त्या ओरडत नाहीत. पेनाचं टोपण काढतात आणि लावतात.

"पावसाळा म्हणायचं नाही. काय म्हणायचं?"

"निवांत हंगाम."

"मग तोंडात आहे ना तो शब्द? बाहेर का येत नाही?"

शेजारच्या टेबलावर सदाबहार बसतो. हे नाव आम्हीच त्याला दिलंय, कारण बेटावर कधी जावं असं कुणीही विचारलं की तो म्हणतो, "तुम्ही जाल तो हंगाम." मी बाहेर आल्यावर तो म्हणाला, "ताई, तुम्ही हवामान विकता. मी तिकिटं विकतो."

"आणि माणसं भिजली तर?"

"वाळतात."

सगळे हसले. मीही हसले, पण माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही.

घरी आले तर निराळाच प्रकार झाला होता. आई रफूचं काम करते. कपड्याच्या आतल्या शिलाईतून धागे काढून ती ते फाटलेल्या जागी विणते. काम झालं की कपडा गिऱ्हाइकासमोर पसरते आणि म्हणते, "शोधा. सापडलं तर फुकट." माझ्या आठवणीत कुणालाही सापडलेलं नाही. आज एका वकिलांच्या कोटाची बाही होती. त्यांनी सरळ त्या जागेवर बोट ठेवलं. आई म्हणाली, "आज तुमचा दिवस आहे साहेब," आणि कोट घडी करून दिला. ते गेल्यावर ती खिडकीशी जाऊन स्वतःची बोटं उलटीपालटी करून बघत राहिली.

बाबा मला म्हणाले, "साहेब, हिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जा. तुम्हाला त्यांची भाषा कळते." ते मला शाळेत असल्यापासून साहेब म्हणतात. घरात वाचता येणारी मी एकटीच, म्हणून औषधाच्या पाकिटापासून घरमालकाच्या नोटिशीपर्यंत सगळं माझ्यापुढे येतं.

६ जून, शुक्रवार

डोळ्यांचा पडदा झिजत चाललाय. चष्म्याचा उपयोग नाही, शस्त्रक्रियेचाही नाही. आई बाहेर बाकावर बसली होती तेव्हा डॉक्टरांनी हे मला एकटीला सांगितलं.

मी विचारलं, "किती दिवस?"

"सांगता येत नाही. कुणाचं वर्षभर चालतं, कुणाचं तीन महिन्यांत संपतं."

"साधारण? सरासरी काय धरायचं?"

ते म्हणाले, "सरासरी धरून तुम्ही काय करणार?"

मी त्यांचे आभार मानले. एवढी वाईट बातमी देणाऱ्या माणसाचे मी दोनदा आभार मानले.

आईला मी इतकंच सांगितलं की नजर हळूहळू कमी होणार आहे, बारीक काम बंद करावं लागेल. ती म्हणाली, "एवढंच ना?" रस्ता ओलांडताना तिने माझा हात धरला. ती एरवी धरत नाही, पण आज गर्दी होती.

८ जून, रविवार

ऑफिसातलं बेटाचं जुनं पोस्टर मी मागच्या वर्षी घरी आणून आईच्या कामाच्या टेबलामागे लावलं होतं, भिंतीचा ओलसर डाग झाकायला. आज मावशी आली होती. चौघं चहा पीत बसलो असताना आई म्हणाली, "हा रंग मला एकदा खरा बघायचाय."

"कुठला रंग?" बाबांनी विचारलं.

"पाण्याचा. किनाऱ्याजवळ एक आहे, मध्ये एक आहे, पार मागे एक आहे. या तिन्हींच्या मधल्या छटा कुठल्याच रिळात मिळत नाहीत. मी शोधल्यात. छापणाऱ्याने बनवल्यात की खऱ्या आहेत, तेवढं बघायचंय."

आईने आजवर स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. तिने माझी फी भरली ती लोकांच्या फाटक्या कोपरांवर. मी लगेच म्हटलं, "जाऊ या."

"कधी?" मावशीने विचारलं. तिला कुठल्याही गोष्टीची तारीख लागते.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाबा म्हणाले, "ते साहेब सांगतील. त्यांचा धंदाच आहे तो."

१५ जून, रविवार

आठवडाभर दुसरं काही सुचलं नाही. ऑफिसात बेटाच्या हवामानाचा महिन्यावारी तक्ता आहे. पाऊस, ऊन, वारा, लाटांची उंची, पाण्याची पारदर्शकता. हंगाम डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत. सगळ्यात चांगला महिना फेब्रुवारी. पण फेब्रुवारी आठ महिन्यांवर आहे आणि डॉक्टर तीन महिन्यांचं बोलले. वर्षाचंही बोलले. आत्ता नेलं तर आई बघू शकेल, पण बघण्यासारखं काही नसेल. फेब्रुवारीत नेलं तर बघण्यासारखं सगळं असेल.

बेटावरच्या एका लॉजला फोन केला. मालकीणबाई म्हणाल्या, "आत्ता? आत्ता माझ्या दारातलं पाणी चहासारखं दिसतंय. या, खोल्या रिकाम्याच आहेत."

शेवटी मी नोव्हेंबरचा दुसरा आठवडा काढला. तोवर पाऊस बराच उतरलेला असतो, वारा पडतो, पाणी निवळायला लागतं. गर्दी नसते. आणि डॉक्टरांचे तीन महिने आणि वर्ष यांच्या मध्ये कुठेतरी ते येतं. हे मी कागदावर मांडून घरात वाचून दाखवलं.

मावशी म्हणाली, "उद्या घेऊन जा."

"मावशी, उद्या तिथे पाऊस आहे."

"असू दे की. छत्री धरीन मी. बघू दे तिला जे असेल ते."

"तिला तो रंग बघायचाय. तो रंग आत्ता तिथे नाहीये. आम्ही लोकांना हेच सांगतो."

"लोकांना सांग. ही तुझी आई आहे."

मला राग आला. मावशी सही सुद्धा अंगठ्याने करते, असं माझ्या मनात आलं, आणि मनात आल्याबद्दल स्वतःची लाज वाटली. हे लिहून ठेवते, म्हणजे विसरणार नाही.

वाद आईनेच मिटवला. "नोव्हेंबर म्हणाली ना ती? मग नोव्हेंबर." बाबांनी लाँड्रीत रजा सांगायचं कबूल केलं. ते इस्त्रीच्या विभागात आहेत, तिथे एक माणूस कमी झाला की हॉटेलांच्या चादरी तुंबतात.

२ जुलै, बुधवार

आईने काळ्या आणि निळ्या कपड्यांचं काम घेणं बंद केलं. फक्त पांढरं आणि फिकट घेते. मला बरं वाटलं, डोळ्यांना आराम मिळेल.

१७ ऑगस्ट, रविवार

आई अचानक फार टापटीप झाली आहे. पूर्वी तिची कात्री कुठेही असायची आणि बाबा त्या कात्रीवर बसायचे. आता कात्री डाव्या कोपऱ्यात, रिळं रंगाप्रमाणे एका ओळीत, चहाचा डबा साखरेच्या उजवीकडे. मी काल डबा चुकून दुसरीकडे ठेवला तर चिडली. आई चिडत नाही. मी म्हटलं, "अगं, समोरच तर आहे."

रिकामा वेळ मिळाल्यामुळे असेल. माझ्या मैत्रिणीची सासूही निवृत्त झाल्यावर अशीच झाली होती.

६ सप्टेंबर, शनिवार

आज डॉक्टरांची तारीख होती, पण ऑफिसात हिशेबतपासणी असल्यामुळे मला रजा मिळाली नाही. मावशी घेऊन गेली. संध्याकाळी विचारलं, "काय म्हणाले?"

आई म्हणाली, "आहे तसंच आहे म्हणाले."

"कागद कुठाय?"

"या वेळी दिला नाही."

मी मावशीकडे बघितलं. ती पायातली चप्पल शोधत होती. चप्पल तिच्या पायातच होती.

आहे तसंच आहे म्हणजे नोव्हेंबर बरोबर निघाला. आज पहिल्यांदाच नीट जेवले.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

तरी मनाला स्वस्थता नाही. ऑक्टोबरच करावा का? तक्त्यात ऑक्टोबरचा पाऊस नोव्हेंबरच्या दुप्पट आहे. आज जेवणाच्या सुट्टीत मी सदाबहारला खरं काय ते सांगितलं आणि म्हटलं, "थट्टा न करता सांगा. तुम्ही असता तर आईला कधी नेलं असतं?"

त्याने डबा झाकला. मग म्हणाला, "ताई, मला नाही सांगता येणार. मी कधी गेलोच नाहीये तिथे."

"सतरा वर्षं तिकिटं विकताय!"

"तुम्ही तरी कुठे गेलाय?"

खरंच. मीही गेलेले नाही. ऑफिसातलं कुणीच गेलेलं नाही. मॅडम एकदा गेल्या होत्या, पण त्यांना बोट लागली आणि त्या खोलीतच झोपून राहिल्या.

मी महिना बदलला नाही. एकदा विचार करून काढलेली गोष्ट भीतीपोटी बदलणं बरोबर नव्हे, असं मला वाटतं. की बदलायला घाबरते म्हणून असं वाटतं? हे ठरवता येत नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

जूनमध्ये मी घालवलेलं ते जोडपं आज ऑफिसात आलं. म्हणजे ते गेलेच होते. मी सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी फोन करून सदाबहारकडून तिकिटं घेतली होती त्यांनी. आता थंडीत डोंगरावर जायचंय. तिने मोबाइलवर बेटाचे फोटो दाखवले. सगळ्यांत ऊन. पाणी पोस्टरसारखं, किंबहुना जास्तच.

"सोळा जूनला पोचलो आणि आठ दिवस एक थेंब पडला नाही," ती म्हणाली. "लॉजवाल्या बाई म्हणाल्या, असा जून आम्ही कधी बघितला नाही."

"तुमची शेजारीण आम्हाला घाबरवत होती," नवरा सदाबहारला म्हणाला. मी शेजारीच बसले होते.

सदाबहार एरवी अशा वेळी टेबलावर थाप मारतो. आज त्याने थाप मारली नाही. "योग असतो एकेकाचा," एवढंच पुटपुटला आणि माझ्याकडे न बघता त्यांना डोंगराची माहितीपत्रकं देऊ लागला.

मी हात धुवायला गेले आणि नळ सोडून उभी राहिले. मावशी म्हणाली होती, उद्या घेऊन जा. तो उद्या म्हणजे त्याच आठ दिवसांतला. पण मला हे कळायला मार्गच नव्हता. तक्त्यात नव्हतं. कुठेच नव्हतं. मी पुन्हापुन्हा मागे जाऊन बघते, आणि दर वेळी मी तोच महिना काढते.

घरी काही सांगितलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

बंदरावर पोचलो. आई, बाबा, मावशी आणि मी. समुद्रावर कमी दाबाचा पट्टा तयार झालाय, अशी बातमी गाडीतच कळली. इथे पाऊस आडवा येतोय. तिकिटाच्या खिडकीवर पाटी: बोट बंद.

बंदराजवळच्याच एका लॉजमध्ये दोन खोल्या घेतल्या. चादरींना दमट वास येतो. बाबांनी पहिल्यांदा त्याच हातात घेऊन बघितल्या आणि म्हणाले, "इस्त्री न करताच घडी घातलीय," आणि लोकांना काय काय खपतं म्हणून बराच वेळ हळहळले.

१० नोव्हेंबर, सोमवार

बोट बंद. बाबा सकाळपासून खिडकीवरच्या माणसाशी बोलत होते. मी मागे उभी होते.

"काका, किती वेळा सांगू? वादळ आहे."

"असेल. पण महिना चांगला आहे."

"बाहेर बघा जरा."

"बघितलं. तरी महिना चांगला आहे. आमच्या मुलीने काढलाय. ती यातलीच आहे."

खिडकीवरच्या माणसाने माझ्याकडे बघितलं. मला जमिनीत जावंसं वाटलं. मी बाबांना बाजूला घेऊन म्हटलं, "बाबा, माझं चुकलं."

"तुझं कसं चुकेल? पावसाचं चुकलंय," ते म्हणाले. थट्टेने नाही म्हणाले. तोच तर त्रास आहे. एकदा मी काही सांगितलं की ते बरोबरच असतं, अशी या घराची रीत आहे, आणि ती मोडायची कशी हे मला कुठल्याच शाळेत शिकवलं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

बंद. मावशी अजून एकदाही "मी म्हटलं होतं" असं म्हणालेली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती फक्त आईच्या बरोबर असते. जिन्यावरून, संडासापर्यंत, जेवायला. दोघी बहिणी लहानपणी अशाच हात धरून चालायच्या म्हणे.

दुपारी आई खिडकीत बसली होती. "बोट निघाली का गं?" तिने विचारलं. बोट समोरच धक्क्याला बांधलेली आहे, खिडकीतून दुसरं काही दिसतच नाही. आईला अशी गंमत करायची सवय आहे. मी म्हटलं, "हो, निघाली, आता पळ." ती हसली.

नंतर मला झोप येईना म्हणून हे लिहिते आहे. आईला गंमत करायची सवय नाही. ती बाबांना आहे. पण तिला खिडकीतून समोरचं इतकं मोठं काही दिसत नसेल, हेही शक्य नाही. सप्टेंबरमध्ये डॉक्टर आहे तसंच आहे म्हणाले होते. काचेवर पाणी होतं, त्यामुळे झालं असेल.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी पाऊस थांबला आणि एक बोट सोडली. बाबांची रजा आज संपते, त्यामुळे दुपारच्या फेरीने परत येणं भाग होतं. बेटावर दोन-अडीच तास मिळणार होते. मावशी म्हणाली, "चला. काय ते बघू."

बोट फार हलत होती. आई दोन्ही हातांनी बाक धरून बसली होती.

किनारा पोस्टरमधलाच होता. झाडं तीच, वाळूचा वळसा तोच. पाणी मात्र लॉजवाल्या बाईंनी जूनमध्ये सांगितलं होतं तसं होतं, दूध जास्त झालेल्या चहासारखं. आकाश खाली आलेलं. पाणी कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं, ते मलाही सांगता आलं नसतं. वादळाने फेकलेलं शेवाळ आणि फळ्यांचे तुकडे वाळूवर पडले होते.

आई चप्पल काढून पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहिली. मी तिच्या शेजारी. मला रडू येत होतं, पण मी म्हटलं, "आई, आज रंग नाहीये. मी खोटं नाही सांगत. पाणी मातकट आहे. वादळामुळे."

"कसं मातकट? छान आहे की," ती म्हणाली.

"तुला दिसतंय?"

"दिसतंय ना. किनाऱ्याजवळ एक आहे, मध्ये एक आहे, पार मागे एक आहे."

ती डावीकडे बघत होती. तिथे बोटी ठेवायची शेड आहे, पत्र्याची, पांढऱ्या रंगाची. पाण्याच्या चमकेमुळे तिने तोंड फिरवलं असेल, असं मी मनाशी म्हटलं. चमक तर नव्हती.

मावशी पुढे आली आणि तिने आईचे खांदे धरून तिला हळूच समुद्राकडे वळवलं. आई वळली. "हां," ती म्हणाली. बाबा मागून ओरडले, "काय, खरा आहे का रंग?"

"खरा आहे," आई मोठ्याने म्हणाली. "छापणाऱ्याने काही घातलेलं नाही."

बाबा इतके खूश झाले की शेडजवळ जाळं सोडवत बसलेल्या एका अनोळखी माणसाला त्यांनी सांगितलं, की आमच्या मुलीने बरोबर महिना काढला.

परतीच्या बोटीत मी आईला विचारलं नाही. विचारायला हवं होतं. दोनदा तोंड उघडलं. मावशीने दोन्ही वेळा माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज ऊन पडलंय. बेटावरही असेल, मी बघितलं नाही.

संध्याकाळी सगळे बसलो होतो. आईच्या टेबलावर काम नव्हतं. ती टेबलावर नुसता हात फिरवत होती, जणू कापडाच्या सुरकुत्या काढतेय. एकदम म्हणाली, "मग, पुढच्या वेळी कधी जायचं?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कुठे?"

"बेटावर. आता घाईत झालं. पुढच्या वेळी नीट जाऊ. चांगला महिना कुठला म्हणालीस?"

मावशी म्हणाली, "अगं, आता कसलं—"

"तू गप्प बस," आई तिला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. माझ्या आवाजाच्या जरा उजवीकडे. "सांग की गं. तुला माहीत असतं."

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. तेही वाट बघत होते.

डॉक्टरांचं बोलणं आईला नीट कळलेलंच नाही, असं मला वाटतं. मीच पहिल्या दिवशी पुरतं सांगितलं नव्हतं. आता बसून समजवायला हवं, पुढची वेळ म्हणजे काय ते तिच्यापुढे मांडायला हवं, आणि ते माझंच काम आहे. पण ती इतक्या विश्वासाने तोंड वर करून बसली होती, की माझ्याच्याने झालं नाही. या आठवड्यात मी सांगितलेलं काहीच खरं ठरलं नव्हतं, आणि तिघांपैकी कुणाच्याही चेहऱ्यावर ते दिसत नव्हतं.

मी म्हटलं, "फेब्रुवारी."

"फेब्रुवारी," आई म्हणाली. मान हलवून तिने ते नीट ठेवून घेतलं. "पाऊस नसतो ना तेव्हा?"

"नसतो."

"बघा," ती बाबांना म्हणाली. "तिला लगेच सांगता येतं."